उंबऱ्याचा खिळा

“ह्यो खिळा कुनी ठोकलाय, वयनी? निघायचं नाव न्हाय घेत,” सदा सुतार म्हणाला आणि पकड खाली ठेवून त्याने कपाळ पुसलं.

मी जांभ्याचे चिरे रचत होते, ते सोडून बघायला गेले. सागवानी उंबरा होता, मधोमध पावलांनी झिजून खोलगट झालेला. त्या खोलगट जागी बोटाएवढा जाड, चौकोनी खिळा आत गेलेला. दुकानात मिळतो तसला नव्हे, लोहाराने घडवलेला.

“काढून टाक,” मी म्हटलं. “बाया डोक्यावर पाट्या घेऊन आत-बाहेर करणार. कुणाच्या तरी पायाला लागेल.”

सदाने उंबऱ्यावर पाय रेटला आणि पकडीला लोंबकळलाच. खिळा निघताना असा आवाज आला की वाफ्यांत चरणारे बगळे एकदम उडाले. सदा मागे पडला, आम्ही बाया हसलो. मग त्याने खिळा माझ्या हातावर ठेवला आणि माझं हसू जरा कमी झालं. आमच्याकडे खाडीच्या वाऱ्याने दाराची नवी कडी एका पावसाळ्यात लाल होते. या खिळ्यावर गंजाचा ठिपका नव्हता, आणि उन्हात पडलेल्या लाकडातून निघूनही तो गार होता.

“बगा, जुन्या मानसांचं लोखंड,” सदा म्हणाला आणि त्याने तो खिळ्यांच्या डब्यात टाकला. सदा म्हसळ्याचा. त्याला आमच्या गावातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मीही पालीकडून लग्न होऊन आलेली, मलाही नव्हतं.

हे सगळं चाललं होतं ते मळ्याच्या घरात. भात कापून झालं की पऱ्याकाठची, म्हणजे ओढ्याकाठची, गावकीची जमीन चिठ्ठ्या टाकून घरागणिक वाटली जाते आणि शिमग्यापर्यंत जो तो आपल्या वाफ्यात वांगी, मिरची, मुळा, माठ करतो. त्या जमिनीच्या मधोमध चिऱ्याचं एक घर. पंप, बियाणं, पाट्या-कुदळी ठेवायला आणि उन्हात टेकायला. निसर्ग वादळात त्याचं छप्पर गेलं, वर आंब्याची फांदी पडून एक भिंत गेली. नंतरची वर्षं गावकीच्या पुरुषांनी बैठकांवर बैठका घेतल्या, मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाने मोबाइलवर सूचनांचा पाऊस पाडला, आणि घरात रानमोडी माजली. शेवटी आमच्या बचत गटाने ठरवलं की आपणच बांधू. ज्याने स्लॅब टाकला त्याची जुनी कौलं, ज्याचा गोठा पडला त्याचे वासे, कुणाची वाळू, कुणाचे हात. मंडळाने रंग पाठवला, तो निघाला गुलाबी. कुठल्याशा ठेकेदाराकडे उरलेला असणार. पण दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, म्हणून आम्ही गप्प बसलो.

दाराची चौकट दिली बाबाजीदादाने. उंबऱ्यासकट.

बाबाजीदादाबद्दल सांगण्यासारखं गावात कुणाकडेच काही नव्हतं. आयुष्यभर पंचायतीत पाणी सोडायचं काम केलं. पहाटे टाकीची चावी फिरवायची, पाणी खालच्या वाडीला पोचलं की वरच्या वाडीला वळवायचं. बायको शकू पहिल्या बाळंतपणात गेली. मुलगा गणराज जगला, त्याला दादाने आणि दादाच्या काकीने, मनुबाईने वाढवलं. गणराज मुंबईला लागला, आता घर पाडून नवं बांधत होता, फरशी आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं. म्हणून चौकट सुटली. आणखी एकच गोष्ट लोक सांगत, तीही हसण्यासाठी. दादा घरात कधी झोपत नसे. थंडी असो, पाऊस असो, अंथरूण ओटीवर, दाराच्या बाहेर. पावसाळ्यात नारळीचा झाप बांधी, पण आत जात नसे. “दादाला घर सोसत न्हाय,” असं बाया म्हणत. मीही म्हटलं आहे.

त्या दिवशी तो गावातून चहाची किटली घेऊन आला. कप मांडता मांडता त्याची नजर उंबऱ्यावरच्या भोकाकडे गेली.

“हितला खिळा?”

“काढला. डब्यात हाय,” सदा म्हणाला.

दादाने किटली ठेवली आणि उंबऱ्यापाशी बसला. भोकात करंगळी घालून पाहिली, लहान मुलाच्या हिरडीत दात चाचपतात तशी. चहा आम्हीच ओतून घेतला. मग तो म्हणाला, “मी हितंच ऱ्हातो आता राखनीला. सिमीट पडलंय.”

सिमेंट चोरणारा आमच्या गावात कोण आहे, असं मला विचारायचं होतं. पण माणूस स्वतःहून राखण करतो म्हटल्यावर गट नको कशाला म्हणेल?

दार बसलं, कौलं चढली. आत मातीची जमीन धोपटून तयार केली आणि दुसऱ्या दिवशी सारवायचं ठरलं. सकाळी शेणाची पाटी घेऊन गेले तर जमीन सारवलेली. ओल अजून सुकत होती. मला वाटलं गटातल्या जागृतीने केलं, जागृतीला वाटलं मी केलं. आम्ही दोघींनी एकमेकींना शाबासकी दिली आणि मग कळलं की दोघींपैकी कुणीच केलं नव्हतं. दादाला विचारलं तर तो म्हणाला, “झालंय न्हवं? मग झालं.”

मनुबाई काम बघायला आली ती त्याच दुपारी. वय झालेलं, हातात काठी, पण जीभ अजून धडधाकट. दादा ओट्यावर टॉवेल डोळ्यांवर घेऊन आडवा झाला होता. मला आतून टोपली हवी होती, मी घाईने त्याच्या पायांवरून पाऊल टाकलं.

“ओलांडू नको गो,” म्हातारी कडाडली. “झोपल्या मानसाला ओलांडत न्हाईत. वळसा घालाया पाय झिजतात काय?”

मी ओशाळून मागे आले, वळसा घातला. मनुबाई माझ्यामागून आत आली आणि खाली बघत उभी राहिली. मला वाटलं सारवण नीट झालं नसेल, सासवांना त्यात काहीतरी सापडतंच.

“कुनी सारवलं?”

“कळत नाही, मनुआजी. आमच्यातल्याच कुणीतरी.”

“तुमच्यात डावखुरी कोन हाय?”

मी जमिनीकडे पाहिलं. सारवणाचे पट्टे, बोटांच्या अर्धगोल रेषा. आमच्या सगळ्यांच्या रेषा एका बाजूला वळतात, या उलट वळत होत्या. भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकही रेष चुकलेली नव्हती.

मनुबाई काठीवर दोन्ही हात ठेवून बाहेर आली. उंबऱ्यात वाकून तिने ते भोक पाहिलं आणि खालीच बसली. “शकू डाव्या हातानं सारवायची,” ती म्हणाली.

तेव्हा तिने मला सांगितलं. बाळंतीण गेली की ती मुलासाठी परत येते. म्हणून तिची तिरडी उचलली की मागोमाग उंबऱ्यात खिळा ठोकायचा आणि वाटेवर नाचणी फेकायची. ती घराकडे निघाली तर आधी वाटेवरचा दाणा न् दाणा वेचावा लागतो. उजाडेपर्यंत वेचून होत नाही, उजाडलं की परत फिरावं लागतं. आणि कधी वेचून झालंच, तरी पुढे खिळा असतो.

“खिळा मीच ठोकला,” मनुबाई म्हणाली. “तान्हं आत रडत व्हतं. काय करनार? मेलेलीचं बघू का जित्याचं?”

मी मान हलवली. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि बाहेर लख्ख ऊन होतं. ओट्यावर दादा टॉवेलखाली स्वस्थ पडून होता. पण तो झोपला नव्हता. टॉवेलखाली त्याचे डोळे उघडे असणार असं मला का कुणास ठाऊक वाटलं.

त्यानंतर मी एकटी मळ्यात जायचं टाळू लागले. पण माझ्या वाफ्याला पाणी मीच घालायचं होतं, मिरची काही माझी भीती ऐकून थांबणार नव्हती. एका सकाळी धुकं जरा वर सरल्यावर गेले. घराचं दार उघडं होतं आणि आत दादा बोलत होता.

“...गणूची बायको आठव्या महिन्यात हाय. तेजस्वी नाव. बँकेत हाय कामाला. बोलते थोडी, पन मला न विचारता जेवत न्हाय. गणू तुझ्यावानी चालतो, पाय फेकत...”

नवरा बाजारातून आल्यावर बायकोला सांगतो तसं, मध्ये थांबत, उत्तराला जागा ठेवत. मी दाराशी आले. तो भिंतीला टेकून बसला होता, आतल्या बाजूला, अंथरुणावर. घराच्या आत निजून उठलेला बाबाजीदादा मी पहिल्यांदाच पाहत होते. त्याची नजर चुलीसाठी सोडलेल्या कोपऱ्यावर होती. मग ती सावकाश सरकत भिंतीच्या कडेने माझ्यापर्यंत आली, कुणी कोपऱ्यातून उठून दाराकडे चालत यावं आणि आपण त्याच्याकडे बघत राहावं तशी. ती नजर माझ्या शेजारी येऊन थांबली, माझ्यावर नाही. माझ्या उजव्या दंडाला ओल्या शेणाचा वास लागून गेला.

“या वयनी,” दादा म्हणाला.

मी आत गेले नाही. खाली पाहिलं तर उंबऱ्याच्या आतल्या कोपऱ्यात नाचणीची एक छोटी रास होती, ओंजळभर. जुनी, काळी पडलेली, मातीचे कण चिकटलेली नाचणी. आमच्या गावात नाचणी कुणी करायचं सोडून किती वर्षं झाली. लोक दुकानातून पीठ आणतात, तेही साखर झालेल्यांसाठी.

“उंदरांनी आणली असेल,” मी म्हटलं. काहीतरी म्हणायला हवं होतं.

“व्हय, उंदीर असंल,” दादा म्हणाला. त्याचा चेहरा एवढा सुखी होता की मला भीतीपेक्षा रडू आलं.

मी हे मनुबाईला सांगितलं. सांगायला नको होतं असं नंतर वाटलं नाही, कारण सांगणं भागच होतं. उद्घाटनाला गणराज येणार होता, त्याच दिवशी नव्या घराची वास्तुशांत होती, आणि त्याच्याबरोबर तेजस्वी येणार होती, पोट घेऊन. मळ्याच्या घरात गावाचं जेवण होतं. तिला तिथे यायचंच होतं.

आदल्या दिवशी दुपारी गणराज पुढे एकटा आला. म्हातारीने त्याला सगळं ऐकवलं. संध्याकाळी आम्ही मळ्याच्या घरापाशी जमलो, मनुबाई, गणराज, मी आणि दारात बसलेला दादा. पलीकडे सदा खिडकीच्या झडपेला पट्ट्या ठोकत होता.

“पप्पा, मी असलं काही मानत नाही,” गणराज म्हणाला. “पण तेजस्वीला गावातून कुणीतरी फोन केलाय. ती रात्रभर झोपली नाही. डॉक्टर बोलले टेन्शन नको. एक खिळा ठोकायचा आहे ना, ठोकून टाकू. विषय संपला.”

“तुझी आई हाय ती,” दादा म्हणाला.

गणराजने घराच्या आत पाहिलं. आईचा एक फोटोही नव्हता त्याच्याकडे.

“ती काय करते, काकी?” दादा मनुबाईकडे वळला. “सारवते. बसते. मी बोललो तं ऐकते. कुनाचं वाईट केलंय तिनं?”

“पोर बघाया येईल.”

“बघूंदे की. तिनं गणूला बी धड बघितला न्हाय.”

“बघून थांबत न्हाईत रे, बाबाजी,” म्हातारी म्हणाली. तिचा आवाज चिडका नव्हता. “मला काय ती नकोशी व्हती? माझ्या हातची भाकरी खायची ती. पन बाळंतीन गेली तं तिचा जीव तान्ह्यातच ऱ्हातो. तिला कळत न्हाय आपलं कुठलं आन् दुसऱ्याचं कुठलं.”

सदाच्या हातोडीचा आवाज तेवढा येत होता. मग दादा बोलू लागला, आमच्यापैकी कुणाकडेही न बघता.

“तिला आत येता येत न्हाय हे मला पयल्याच महिन्यात कळलं. दाराशी यायची. बाहेर. मी आत निजायचो, गणू कुशीत, आन् बाहेर ती. म्हटलं हे बरं न्हाय. गणू काकीजवळ निजाया लागला तसा मी ओटीवर आलो. तिला आत येता न्हाय आलं तं मला बाहेर जाता येत व्हतं. सगळे हसायचे. हसूंदे म्हटलं.”

माझ्या डोळ्यांसमोर ती ओटी आली, पावसात झाप बांधलेली, आणि आपण सगळ्या विहिरीवरून येताना काय काय बोलत असू ते. मी गणराजकडे पाहिलं नाही. पाहवलं नाही.

“हितं खिळा निघाला तवा पयल्यांदा आत निजलो,” दादा म्हणाला. “दोघं.”

गणराज खिळ्यांच्या डब्याकडे गेला, उगाच दाखवायला नव्हे, खरंच शोधायला. आतले खिळे त्याने जमिनीवर ओतले. तो खिळा त्यात नव्हता. “मिळत नाही,” तो म्हणाला आणि मला वाटलं, त्याला बरं वाटलं.

दादाने सदऱ्याच्या खिशातून खिळा काढला. तो त्याच्याकडेच होता, पहिल्या दिवसापासून. “सदा, हातोडी दे,” तो म्हणाला.

“मी मारतो, पप्पा.”

“तू नको. तू तिचा हाईस. तुझ्या हातनं नको.” मग तो उठला, घराच्या आत तोंड करून उभा राहिला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “भायेर ये. पोर व्हायचं हाय घरात.”

आतून काही आलं असं मी म्हणणार नाही. दिवा नसलेल्या घरातून संध्याकाळी येतो तसा गारवा आला, आणि पऱ्यावरच्या रातकिड्यांचं किरकिरणं थांबलं. दादा कुणाला तरी वाट द्यायला बाजूला सरला. मग वाकला आणि खिळा त्याच भोकात ठेवून घाव घालू लागला. काढताना एवढा अडलेला खिळा लोण्यात जावा तसा गेला. त्याने घाव मोजके घातले आणि शेवटचा घालताना डोळे मिटले.

मनुबाईने कमरेची नाचणीची पुरचुंडी सोडली. दुकानातली, नवी. “वाटेवर टाक. म्हंजे येळ लागंल तिला.”

“न्हाय,” दादा म्हणाला.

“बाबाजी...”

“खिळा ठोकला, काकी. तुमचं झालं. आता तिला वेचाया लावनार न्हाय मी. किती वेचायचं एका बाईनं?”

म्हातारी पुरचुंडी परत कमरेला बांधू लागली. तिच्या हातांना ती गाठ पुन्हा बांधता येईना, मी बांधून दिली.

गणराज म्हणाला, “पप्पा, नव्या घरी चला. तुमची खोली तयार आहे, पंखा लावलाय.” दादाने मान हलवली. “हितं सिमीट हाय,” तो म्हणाला. सिमेंट कधीच संपलं होतं.

उद्घाटनाच्या दिवशी मी सकाळीच रांगोळी घेऊन गेले. दव इतकं पडलं होतं की मिरचीची पानं वाकली होती, पायवाट ओली, कुदळींचे दांडे ओले, कौलांवरून थेंब पडत होते. दादा केव्हाच उठून पऱ्यावर तोंड धूत होता. अंथरूण ओट्यावर तसंच होतं. त्याने एक मोठी गोधडी, दोन माणसांची, पूर्ण उलगडून घातली होती. उंबऱ्याला लागून त्याची उशी. बाहेरची बाजू, उघड्या आभाळाखालची, मोकळी.

मी वाकून तिथे हात फिरवला. कोरडी होती. गोधडीच्या चारी कडांना ओट्यावर पाणी साचलं होतं आणि ती निम्मी गोधडी, जिच्यावर कुणी झोपलं नव्हतं, ती उन्हात वाळवून घातल्यासारखी कोरडी होती.

मी ती उचलली नाही. बाजूला रांगोळी काढली.

थोड्या वेळाने वाटेवर माणसं दिसू लागली. पुढे गणराज, त्याच्या हाताला धरून तेजस्वी, मागे मनुबाई. पोरगी लाजरी, दमलेली, नव्या साडीत. गुलाबी भिंती बघून ती हसली आणि ओट्याच्या पायरीवर चढली. दारात जाण्यासाठी तिने साडीच्या निऱ्या उचलल्या आणि गोधडीच्या मोकळ्या बाजूवरून पलीकडे टाकायला पाऊल उचललं. दादा पऱ्यावरून येत होता, तोंड पुसायचं सोडून तो थबकला.

“ओलांडू नको गो,” मनुबाई म्हणाली. अगदी हळू, जवळ कुणी झोपलेलं असताना बोलतात तसं. “वळसा घाल.”

तेजस्वीने पाऊल मागे घेतलं. ती भिंतीला हात लावत कडेकडेने गेली, तिच्यामागून गणराज गेला. मग मनुबाई काठी न वाजवता, उचलून धरून, गोधडीला वळसा घालून आत गेली.